वीस कोटी फेरे, आणि हाताने दोन

डिझेल इंडिकाच्या इंजिनाच्या एका टोकाला, प्लॅस्टिकच्या झाकणाआड, बोटभर रुंदीचा एक काळा रबरी पट्टा असतो. टायमिंग बेल्ट. लांबी मीटरभराहून थोडी जास्त, वजन शंभर-दीडशे ग्रॅम. गाडीच्या मीटरवर ६० हजार किलोमीटर भरतात तोवर हा पट्टा आपल्या पुल्यांवरून जवळपास ३८ हजार किलोमीटर पळालेला असतो. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे. म्हणजे बेल्ट बदलायला तुम्ही झाकण उघडता, तेव्हा आत जे दिसतं त्याची पृथ्वीप्रदक्षिणा पुरी व्हायला थोडंच अंतर उरलेलं असतं. आणि हा सगळा प्रवास बॉनेटखालच्या हातभर जागेत झालेला असतो.

असले आकडे फेकणाऱ्या माणसाकडे आधी हिशेबाची वही मागावी, असं माझं मत आहे. तेव्हा ही घ्या वही. शहर आणि हायवे मिळून, सिग्नलला उभं राहणं धरून, गाडीचा सरासरी वेग ताशी ३० किलोमीटर मानला तर ६० हजार किलोमीटरला २ हजार तास लागतात. या काळात इंजिन मिनिटाला सरासरी १,८०० फेरे घेतं असं धरू. २,००० गुणिले ६० गुणिले १,८००, म्हणजे २१ कोटी ६० लाख. वरचे दीड-एक कोटी गिऱ्हाइकाला सूट. २० कोटी म्हणू. क्रँकच्या टोकावरच्या दातेरी पुलीला २० दाते आणि दोन दात्यांमधलं अंतर साडेनऊ मिलिमीटर धरलं, तर क्रँकच्या एका फेऱ्यात बेल्ट १९ सेंटिमीटर सरकतो. २० कोटी गुणिले १९ सेंटिमीटर, म्हणजे ३८ हजार किलोमीटर. एखाद्या इंजिनात पुलीचे दाते दोन जास्त असतील, तुमचा पाय माझ्यापेक्षा जड असेल. शेकडा दहा-वीस इकडचे तिकडे झाले तरी घेर पृथ्वीचाच राहतो.

इंडिकाच का घेतली? एक तर ती आपल्या पिंपरी-चिंचवडची. ३० डिसेंबर १९९८ ला ती बाजारात आली आणि पुढची कितीतरी वर्षं पुण्या-मुंबईत टूरची गाडी म्हटलं की इंडिकाच डोळ्यापुढे यायची. दुसरं कारण माझ्या सोयीचं: सुरुवातीच्या डिझेल इंडिकाचं इंजिन साधं आहे. चार सिलिंडर, १,४०५ सीसी, टर्बो नाही. बॉनेट उघडल्यावर खालची जमीन दिसण्याइतकी जागा मिळते. घराच्या अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाने घेऊन बसणाऱ्या माणसाला एवढी सवलत पुरते. आणि बेल्ट आणि क्लच ही दोन्ही कामं एकाच सुट्टीत काढायची म्हटलं, तर या आडव्या इंजिनाच्या एका टोकाला बेल्ट आणि दुसऱ्या टोकाला क्लच, अशी सोयीची वाटणी झालेली असते. फक्त दोन्ही टोकांचे माउंटिंग एकाच वेळी सोडायचे नाहीत. इंजिन त्यांच्यावरच टांगलेलं असतं.

बेल्टचं काम काय, तर क्रँक आणि कॅमशाफ्ट यांची गाठ बांधून ठेवणं. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक झाला पाहिजे, आज, उद्या आणि २० कोटी फेऱ्यांनंतरही. डिझेलमध्ये याच बेल्टवर इंधनाचा पंपही फिरतो. म्हणजे हवा कधी घ्यायची, धूर कधी सोडायचा आणि डिझेल कधी मारायचं, या तिन्ही वेळा या पट्ट्याच्या दात्यांवर ठरतात. बेल्टला सव्वाशेच्या आतबाहेर दाते असतात. १२० धरले, तर इंजिन १,८०० वर फिरत असताना प्रत्येक दाता सेकंदाला ५ वेळा क्रँकच्या पुलीत जाऊन बसतो आणि सुटतो. साठ हजार किलोमीटरमध्ये एकेका दात्याच्या वाट्याला अशा ३ कोटी ३३ लाख बैठका येतात. वाटेत कॅमची पुली, पंपाची पुली, टेन्शनर, एखादी आयडलर. क्रँक धरून पाच वळणं मोजली तर बेल्टचा प्रत्येक तुकडा १६-१७ कोटी वेळा वाकतो आणि सरळ होतो.

नुसतं रबर हे सोसणार नाही. रबराच्या पोटात काचेचे दोरे असतात. काच म्हणजे खिडकीच्या काचेचीच नात्यातली, पण १० मायक्रॉनहूनही बारीक तंतूंमध्ये ओढलेली. असे असंख्य तंतू पिळून एकेक दोरा होतो. काच घ्यायचं कारण, ती ताणली जात नाही. रबराने थोडं लांबायचं ठरवलं तर कॅम मागे पडेल आणि सगळी वेळापत्रकं कोलमडतील. पण काचेचा स्वभाव काचेचाच. मोठ्या गोलाईवर ती १७ कोटी वेळा आनंदाने वाकते, आणि दुकानातून आणलेला नवा बेल्ट कोणी हौसेने चिमटीत दुमडून किंवा उलटा पिळून पाहिला, तर आतले तंतू एकाच वेळी तडकतात. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून जुना मिस्त्री नवा बेल्ट हातात देताना आधी दटावतो: ‘वाकडा करून बघू नका.’

मोटारीत हा पट्टा आणण्याचा मान जर्मनीतल्या डिंगॉल्फिंगच्या हान्स ग्लास या कारखान्याकडे जातो. १९६२ च्या आसपास त्यांची ग्लास १००४ ही गाडी कॅमसाठी दातेरी बेल्ट घेऊन आली. मोठ्या संख्येने बनलेल्या गाड्यांत ही पहिली. गंमत अशी, की हे घराणं मूळचं शेतीच्या अवजारांचं, पेरणीयंत्रं बनवणारं. पुढे १९६६ मध्ये बीएमडब्ल्यूने ते विकत घेतलं. पाभर करणाऱ्यांना एका लयीत दाणा पडण्याचं महत्त्व आधीच ठाऊक असणार, असा मी आपला माझ्यापुरता अर्थ लावतो. पुरावा विचारू नका.

आता त्या बेल्टच्या वरच्या टोकाला काय चालतं ते पाहू. या इंजिनात आठ व्हॉल्व्ह आहेत. २० कोटी क्रँकफेऱ्यांना १० कोटी कॅमफेरे, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह १० कोटी वेळा उघडतो आणि मिटतो. आठ मिळून ८० कोटी. चार सिलिंडरांत मिळून डिझेल पेटतं ते ४० कोटी वेळा. इंजिन ५ हजारावर असेल तर एका व्हॉल्व्हला उघडून, पुरता खाली जाऊन, परत बसायला सुमारे ८ मिलिसेकंद मिळतात. आपण डोळ्याची पापणी लवते म्हणतो ना, त्या तेवढ्यात व्हॉल्व्ह पाच-सहा वेळा उघडमीट करून मोकळा होतो.

खाली पिस्टन. सिलिंडरचा व्यास ७५ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७९.५ मिलिमीटर. ५ हजार फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १३ मीटरच्या वर जातो, ताशी ४८ किलोमीटर. ऐकायला फार वाटत नाही. पण हा वेग आठ सेंटिमीटरच्या आत शून्यातून सुरू होऊन शून्यात संपतो, आणि तोही सेकंदाला १६६ वेळा. वरच्या टोकाला दिशा बदलताना पिस्टनवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १,४०० पट त्वरण येतं. पिस्टन आणि त्याची पिन मिळून अर्धा किलो धरा: त्या क्षणी कनेक्टिंग रॉडला तो अर्धा किलो ७०० किलोंसारखा ओढतो.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. डिझेलला स्पार्क प्लग नाही. हवा इतकी दाबायची की तिनेच डिझेल पेटलं पाहिजे. या इंजिनात हे दाबणं साधारण बावीसास एक आहे. एका सिलिंडरची ३५१ घनसेंटिमीटर जागा आणि वरची मोकळी पोकळी मिळून जेवढी हवा मावते, ती सगळी शेवटी १७ घनसेंटिमीटरांत कोंबली जाते आणि तापून ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. या १७ मधलाही बराचसा भाग हेडमधल्या छोट्या खोलगट कोठीत. मग पिस्टनच्या माथ्यावर आणि हेडच्या पोटाखाली काय उरतं? मिलिमीटरभर. आणि व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा खाली उतरतो सात-आठ मिलिमीटर. म्हणजे पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह एकाच जागेवर हक्क सांगतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. भाडेकरू दोन, खोली एक, आणि वेळापत्रक त्या काळ्या पट्ट्याकडे.

पट्टा तुटला की काय होतं ते मिलिसेकंदांत मोजायला हवं. हायवेवर गाडी ताशी ८० ने चाललीय, इंजिन २,८०० वर. बेल्ट तुटतो. कॅमला फिरवणारं आता कोणी नाही आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा त्याला ब्रेक लावतात. तो जवळजवळ जागीच थांबतो. कुठेही थांबला तरी आठातला कुठला ना कुठला व्हॉल्व्ह उघडाच राहतो. क्रँक मात्र थांबत नाही, कारण गाडी गिअरमध्ये आहे आणि टनभर वजनाची ती गाडी चाकांमार्फत क्रँकला ढकलतेच आहे. अर्धा फेरा व्हायला ११ मिलिसेकंदही लागत नाहीत. पिस्टन वर येतो आणि आठ मिलिमीटर आधी त्याला व्हॉल्व्ह भेटतो. त्या क्षणी पिस्टनचा वेग असतो ताशी २८ किलोमीटरच्या आसपास. पन्नास-साठ ग्रॅमच्या, पेन्सिलीएवढ्या दांडीच्या व्हॉल्व्हने काय करायचं? तो वाकतो. ड्रायव्हर चपळ असला तरी आवाज ऐकून क्लच दाबेपर्यंत एक सेकंद जातो, आणि त्या सेकंदात क्रँकचे आणखी ४६ फेरे होतात. काही हजारांच्या बेल्टकिटची हेडच्या कामाच्या बिलाशी गाठ पडते ती इथे. ही एकट्या इंडिकाची गोष्ट नव्हे. बेल्टवर चालणाऱ्या बहुतेक सगळ्या डिझेल इंजिनांची हीच कुंडली.

तुटण्याची भीती सगळ्यांना असते. घरी काम करणाऱ्याने घाबरायचं ते एका दात्याला. क्रँकच्या पुलीला २० दाते, म्हणजे एक दाता चुकला की १८ अंशांचा फरक. वरच्या टोकापासून क्रँक १८ अंश फिरला की पिस्टन अडीच मिलिमीटर सरकलेला असतो. मिलिमीटरभर मोकळी जागा असलेल्या घरात अडीच मिलिमीटरची चूक. पंपाचा दाता चुकला तर डिझेल भलत्याच वेळी पडतं: आयडलला, ८०० फेऱ्यांवर, १८ अंश म्हणजे पावणेचार मिलिसेकंद. माणसाच्या दृष्टीने ही वेळच नव्हे. इंजिनाला तेवढ्यावरून चालू व्हायचं की नाही ते ठरवता येतं.

काम प्रत्यक्षात कसं दिसतं? क्रँक पान्याने हळूहळू फिरवत पहिला सिलिंडर वरच्या टोकाला, मिस्त्री ज्याला टीडीसी म्हणतात तिथे आणायचा. तीन पुल्यांवर तीन खुणा असतात, त्यांच्या समोर इंजिनाच्या अंगावर तीन. जुना बेल्ट काढायच्या आधी सहाही खुणांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा, कारण तेल-धूळ बसलेल्या खाचेकडे वाकून बघताना नजर अर्धा दाता सहज खाते. मग टेन्शनर ढिला करून बेल्ट उतरवायचा. इथे कॅम मधूनच ‘टक्’ करून स्वतःहून सरकतो. घाबरायचं नाही. एखाद्या व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबलेली असते, तिने कॅमला ढकललेलं असतं. पान्याने हलकेच खुणेवर परत आणून धरायचं. नवा बेल्ट चढवताना ज्या बाजूला टेन्शनर नाही ती बाजू आधी ताठ बसवायची आणि सगळी ढील टेन्शनरकडे गोळा करत आणायची. उलट केलं की खुणा जुळलेल्या दिसतात आणि टेन्शनर ताणताच एक दाता पळतो. टेन्शनरचं बेअरिंगही याच वेळी बदलायचं. पुलीचा व्यास लहान, म्हणून ते क्रँकपेक्षाही जास्त फिरलेलं असतं. बेल्ट नवा आणि बेअरिंग जुनं ठेवणाऱ्याची बचत त्याला लखलाभ.

दुसऱ्या टोकाला क्लच. इथे कारागिरी कमी आणि कुस्ती जास्त. तीसेक किलोचा गिअरबॉक्स, त्याच्या आधी दोन्ही ॲक्सल, केबल, स्टार्टर, आणि हे सगळं गाडीखाली झोपून. गाडीच्या पुढच्या भागाचं वजन ५०० किलोंच्या वर असतं, म्हणून नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी खाली सरपटू नये. दोन्ही बाजूंना स्टँड लावायचे, मागच्या चाकांना दगड, आणि अंग घालायच्या आधी गाडीला कमरेने एक जोरदार धक्का देऊन बघायचा. हलली तर ती तुमच्या आधी पडू द्या.

गिअरबॉक्स उतरला की दिसते ती क्लच प्लेट, व्यास साधारण २० सेंटिमीटर. जुनी आणि नवी शेजारी ठेवल्या तर फरक शोधावा लागतो. नवीच्या अंगावरच्या अस्तरात रिव्हेट मिलिमीटरभर खोल बसलेले. जुनीत ते पृष्ठभागाला टेकलेले. संपलं. क्लचचं सगळं आयुष्य म्हणजे दोन्ही बाजूंचा हा एकेक मिलिमीटर.

आता हा मिलिमीटर किती जणांत वाटला गेला ते पाहा. किलोमीटरला सरासरी तीन वेळा गाडी जागेवरून उचलली, तर ६० हजार किलोमीटरला जवळपास २ लाख वेळा. गिअर बदलताना होणारी झीज सोडून देऊ. एक मिलिमीटर भागिले २ लाख, म्हणजे ५ नॅनोमीटर. एकावर एक ठेवलेल्या वीसेक अणूंची ही जाडी. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न मारला, तुम्ही क्लच सोडला, गाडी निघाली: किंमत वीस अणू, दोन्ही बाजूंनी. मापायला प्रयोगशाळेत उपकरण शोधावं लागेल, आणि तरी तीच बेरीज एक दिवस रिव्हेटपर्यंत येऊन थांबते.

या झिजेच्या बदल्यात क्लच काय देतो? गाडी आणि ड्रायव्हर मिळून ११५० किलो धरू. पहिल्या गिअरमध्ये क्लच पुरता जुळेपर्यंत गाडी ताशी १२ किलोमीटरपर्यंत येते. तेवढ्या वेगाची ऊर्जा सुमारे ६,४०० ज्यूल, आणि ढोबळमानाने तितकीच ऊर्जा घसरणाऱ्या प्लेटवर उष्णता होऊन जाते. गाडी जेवढं कमावते तेवढंच क्लच जाळतो. २ लाख वेळा ६,४०० म्हणजे १२८ कोटी ज्यूल. एवढ्या उष्णतेत ४ हजार लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत येईल. लिटरला १५ किलोमीटरच्या हिशेबाने ६० हजार किलोमीटरला डिझेलही ४ हजार लिटरच लागतं. हा निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला बरा.

हे झालं सरळ रस्त्यावरचं. रविवारी संध्याकाळी खंबाटकी घाटात गाड्या तुंबल्यात, चढ शंभराला आठ, आणि पुढचा ड्रायव्हर हँडब्रेक न ओढता अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरतोय. गाडी जागची हलत नाही, इंजिन १,२०० वर. हिशेब केला तर त्या प्लेटवर सतत २ किलोवॉटच्या वर उष्णता तयार होते: घरातला दोन किलोवॉटचा गिझर क्लचच्या बंद डब्यात लावून ठेवावा तसं. एका मिनिटात सव्वा लाखाहून जास्त ज्यूल, म्हणजे जागेवरून वीस वेळा गाडी उचलण्याएवढं. आणि हे वीस नेहमीचे वीस नसतात. अस्तर तापलं की ते नॅनोमीटरच्या हिशेबाला जुमानत नाही. घाटात येणारा तो जळका वास म्हणजे कोणाचे तरी काही महिने हवेत चाललेले असतात.

डाव्या पायाच्या कामाचं मला नेहमी नवल वाटतं. प्रेशर प्लेट क्लचला जवळपास ३५० किलोंच्या दाबाने फ्लायव्हीलवर आवळून धरते. आपण पेडल दाबतो दहा-बारा किलोंच्या जोराने, आणि ते ३५० किलो सुटतात. फुकट काहीच मिळत नाही: पाय तेरा-चौदा सेंटिमीटर खाली जातो, तेव्हा आत प्रेशर प्लेट उचलते जेमतेम दीड मिलिमीटर. त्या २ लाख वेळांचं पायाचं चालणं जोडलं तर नुसतं खाली जाण्याचं अंतर होतं २६ ते २८ किलोमीटर. स्वारगेटहून खडकवासल्याच्या पुढे, एका पेडलवर.

जोडणी करताना आणखी एक आकडा हाताशी येतो, आणि तो माझ्या सगळ्यात आवडीचा. प्रेशर प्लेट सहा बोल्टनी बसते, आठ मिलिमीटर जाडीचे, म्हणजे करंगळीहूनही बारीक. टॉर्क रेंचवर २४ न्यूटन-मीटर लावून ‘कट्’ वाजलं की थांबायचं. मनगटाला फारसं जाणवतही नाही. पण आट्यांच्या उताराने त्या बोल्टमध्ये दीड टनाचा ताण उभा राहतो. सहा बोल्ट, नऊ टन. बोल्ट खरं म्हणजे ताठ स्प्रिंग आहे: आवळल्यावर तो मिलिमीटरचा विसावा हिस्सा लांबतो आणि परत आखडायच्या धडपडीत पकड धरून ठेवतो. चाकाच्या बाराच्या नटला १०० न्यूटन-मीटर लावले तर एकेकात चार टन. म्हणूनच बोल्ट आडवे-उभे, थोडे थोडे करत आवळायचे. एकच कोपरा आधी पुरता आवळला तर दीड टन एकाच बाजूला बसतो आणि प्लेट कायमची तिरकी होते. आणि म्हणूनच पान्याला पाइप लावून ‘अजून थोडं’ करणाऱ्याला माझ्या पार्किंगमध्ये प्रवेश नाही. तो बोल्ट घट्ट करत नसतो, लांब करत असतो.

सगळं बसलं, गिअरबॉक्स वर गेला, माउंटिंग आवळले. आता किल्लीला हात लावायचा नाही. क्रँकच्या बोल्टवर पाना घालून, इंजिन ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला, हाताने दोन पूर्ण फेरे द्यायचे. दोनच का, तर क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमचा एक होतो, आणि तेवढ्यात आठही व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतात, चारही पिस्टन दोनदा वर येऊन जातात. दबलेल्या हवेमुळे पाना जड लागतो, मग एकदम हलका होतो. ही अडचण रबरासारखी मऊ असते. पण मध्येच पाना दगडावर आपटल्यासारखा थांबला तर तिथेच सोडायचं, जोर करायचा नाही. पिस्टन आणि व्हॉल्व्ह भेटलेत. हाताच्या वेगाने भेटलेत म्हणून अजून काही बिघडलेलं नाही. बेल्ट काढा, खुणा परत बघा. दोन फेऱ्यांनंतर सहाही ठिपके समोरासमोर आले, की पुढच्या २० कोटींची परवानगी. यात मिनिटभरही जात नाही आणि घाईत नेमकं हेच राहून जातं.

त्या २० कोटी फेऱ्यांत इंजिन हवा किती पितं, तेही सांगून टाकतो. दोन फेऱ्यांना १.४ लिटर, गळती-अडथळ्यांपोटी शेकडा १५ वजा केले तर १ लाख १९ हजार घनमीटर, वजनात १३५ टनांच्या आसपास. त्यात जाळलं जाणारं डिझेल सव्वातीन टन. म्हणजे ही गाडी मुख्यतः हवेवर चालते, डिझेल फक्त फोडणीला. आणि ही सगळी हवा पाच-सहाशे रुपयांच्या एअर फिल्टरमधून जाते, ज्याच्याकडे कोणी बघत नाही.

इंडिका आली तेव्हा सुरुवातीलाच पूर्ण पैसे भरलेल्या १ लाख १५ हजार मागण्या नोंदल्या गेल्या होत्या. त्या सगळ्या डिझेलच्याच होत्या असं हिशेबापुरतं धरू आणि प्रत्येकीचा बेल्ट काढून एकापुढे एक मांडू. रांग होते १३०-१४० किलोमीटरची. पुण्याहून निघालात तर मुंबईची वेस येईल, फोर्ट गाठता येणार नाही. आता तेच बेल्ट आपापल्या पुल्यांवरून ६० हजार किलोमीटरच्या पाळीत जेवढे पळाले ते जोडू: १ लाख १५ हजार गुणिले ३८ हजार, म्हणजे ४३७ कोटी किलोमीटर. सूर्यापासून नेपच्यून साधारण ४५० कोटी किलोमीटरवर आहे. पहिल्या नोंदणीतल्या गाड्या, पहिल्या बेल्टवर, सूर्यमालेच्या शेवटच्या ग्रहाच्या दारात. पुढची वीस वर्षं मी धरलेलीच नाहीत.

इंडिका बनवणाऱ्या याच टाटांनी पुढे व्हिस्टा या गाडीत घेतलेल्या, रांजणगावात बनलेल्या १.३ लिटरच्या फियाट डिझेलमध्ये बेल्टऐवजी साखळी आहे. ती इंजिनाच्या तेलात फिरते आणि तिला ठरावीक किलोमीटरची मुदत नसते, म्हणून बरेच लोक तिला बेल्टपेक्षा श्रेष्ठ समजतात. मला तसं वाटत नाही. साखळी लांबते, खडखडते, आणि बदलायची वेळ आली की इंजिनाचा अर्धा पुढचा भाग उघडायला लावते. बेल्ट निदान झाकण काढताच समोर येतो.

किलोमीटरचा एवढा हिशेब मांडला, पण बेल्ट फक्त किलोमीटरवर म्हातारा होत नाही. आठवड्याला एकदा भाजीला निघणारी गाडी वर्षाला ४ हजार किलोमीटर करते. ६० हजाराची वाट पाहिली तर पंधरा वर्षं जातील, आणि रबर तेवढं थांबत नाही. इंजिनाची उष्णता, क्रँकच्या सीलमधून झिरपणारं थोडं तेल, मे महिन्यातलं पत्र्याच्या शेडखालचं तापमान. दात्यांच्या मुळाशी बारीक चिरा पडायला एवढं पुरतं. चार-पाच वर्षं झाली की काट्यावर काहीही असो, बेल्ट काढायचा. म्हणून झाकण परत लावल्यावर त्याच्या आतल्या बाजूला नव्हे, वरच्या बाजूला, सहज दिसेल अशी चिठ्ठी चिकटवा आणि तिच्यावर दोन्ही लिहा: किलोमीटर आणि तारीख. बॉलपेनने नको, तेलाच्या वाफेने शाई उडते. दुचाकीच्या नंबरप्लेटवर पूर्वी लिहायचे तसल्या रंगाने लिहा.